काटेरी हलव्याला काटाच येत नाही; बोरन्हाणाचे दागिने करायचे आहेत

जुळेसोलापूर_आई

संक्रांतीनंतर ११ महिन्यांच्या बाळाचं बोरन्हाण आहे. दागिने घरच्या हलव्याचे करायचे आहेत: मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा आणि जमली तर बासरी. दोनदा हलवा करून पाहिला, दोन्ही वेळा फसला. काय काय केलं ते सगळं लिहिते, म्हणजे चूक सांगायला सोपं जाईल.

पहिली खेप: १ वाटी तीळ, १ वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. पाक बहुतेक दोनतारी झाला होता. नॉनस्टिक कढईत तीळ घेऊन मंद गॅसवर एकदम २ मोठे चमचे पाक घातला. तिळाचे गोळे झाले. गोळे फोडले तर खाली नुसती साखर आणि तीळ.

दुसरी खेप: पाव वाटी साबुदाणा, एकतारी पाक. पाक साखरू नये म्हणून त्यात अर्धं लिंबू पिळलं. या वेळी चमचा-चमचा पाक घातला. दाणे पांढरे झाले, पण गुळगुळीत. दीड तासाने पिवळट दिसायला लागले. रात्री डब्यात भरले, सकाळी सगळे एकमेकांना चिकटलेले.

विचारायचं असं, की पाक नेमका किती घट्ट हवा, काटा कधी दिसायला लागतो, आणि आच किती ठेवायची? घरात पितळी परात आहे, कल्हई केलेली. कोळशाची शेगडी नाही. अजून १२ दिवस हातात आहेत.

परात_शेगडी

ताई, दुसऱ्या खेपेत तुम्ही बरंच बरोबर केलंय. नडलं ते तीन ठिकाणी: लिंबू, आच आणि घाई.

आधी पहिल्या खेपेचं सांगते. १ वाटी तिळाला १ वाटी साखर हे प्रमाण चिक्कीचं झालं. हलव्यात गाभा नावापुरता आणि साखर त्याच्या कितीतरी पट. २ मोठे चमचे तीळ घेतले तर २ वाट्या साखर त्यावर हळूहळू चढते. २ चमचे म्हणजे किती थोडे असं वाटतं, पण त्यात हजारो दाणे असतात आणि प्रत्येक दाणा शेवटी ज्वारीच्या दाण्याएवढा होतो. जास्त तीळ घेतले की परातीत दाण्यावर दाणा बसतो, खालच्यांना पाक जातो, वरचे कोरडे राहतात.

दागिन्यांसाठी तीळ आणि साबुदाणा दोन्ही करा, वेगवेगळे. तिळाचा बारीक हलवा भरण्याला, साबुदाण्याचा टपोरा हलवा मुख्य ओळीला. साबुदाणा पाव वाटीच घ्या, मध्यम आकाराचा, चाळून. पीठ राहिलं तर पाक त्या पिठालाच धरतो. तीळ पांढरे घ्या, निवडून कोरडेच हलके गरम करा, तडतडू देऊ नका.

पाक: २ वाट्या साखर, १ वाटी पाणी. साखर विरघळेपर्यंतच ढवळा, उकळी आली की चमचा बाहेर. १ मोठा चमचा दूध घाला, मळी कडेला येते ती काढा, मग पातळ मलमलमधून गाळून परत आचेवर ठेवा. एकतारीच्या जरा अलीकडे उतरवा. थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं लांब केली की तार सुरू व्हावी आणि लगेच तुटावी. तार टिकली तर २ चमचे पाणी घालून एक उकळी आणा. लिंबू नको. अर्धं लिंबू म्हणजे फारच झालं. हलवा सकाळी चिकटला तो त्यानेच.

आच: शेगडीवर राख पसरलेले निखारे असतात, तेवढी ऊब गॅसवर अशी मिळते: लहान बर्नर, त्यावर जाड लोखंडी तवा, तव्यावर परात. गॅस अगदी बारीक. परात तापली की बंद करा, ऊब गेली की पुन्हा मिनिटभर लावा. परातीच्या मध्यावर बोटं टेकवून ३-४ सेकंद ठेवता आली पाहिजेत. बोट लगेच उचलावंसं वाटलं तर परात जास्त तापलीय. दाणे पिवळे पडले ते यामुळेच. थोडी थंड झाली तर काही बिघडत नाही, पाक वाळायला वेळ लागतो एवढंच. जास्त तापली तर मात्र आलेला काटा विरघळतो.

आता हात. सुरुवातीला दाण्यांवर पाक पाव चमचाच, चहाचा चमचा. तो एका जागी ओतू नका, चमचा फिरवत धार सोडा. लगेच पाचही बोटांच्या टोकांनी दाणे मोकळे करत परातीभर फिरवा. तळवा टेकवायचा नाही, चोळायचं नाही. भात मोकळा करताना बोटं जशी चालतात तशी. आधी दाणे ओलसर, चकचकीत दिसतात, मग एकमेकांना धरतात, आणि मिनिट-दीड मिनिटात सुटतात व खुळखुळ वाजायला लागतात. खुळखुळ आवाज आला की पुढचा पाक. त्याआधी घातला की दोन-दोन दाणे जोडले जातात.

पहिले १५-२० वेळा पाव चमचा, मग अर्धा, दाणे फुगले की एक. पहिल्या दिवशी नुसता पांढरा, खडबडीत दाणा मिळतो, काट्याची अपेक्षाच नको. काटा दुसऱ्या दिवशी अर्ध्यावर दिसायला लागतो आणि तिसऱ्या दिवशी उभा राहतो. रोज दोन-अडीच तास. दीड तासात काटा येतच नाही, तुम्ही तिथेच थांबलात.

रात्री दाणे डब्यात भरू नका. परातीतच पसरून वर कोरडं सुती फडकं टाका. आतली ओल रात्रभरात निघून जाते आणि दुसऱ्या दिवशीचा पाक कोरड्या अंगावर बसतो. आपल्या सोलापूरच्या जानेवारीची हवा कोरडी, त्यामुळे इथे हे काम छान होतं.

होटगी_रोड

पाकाबद्दल थोडी भर. वरची कृती बरोबर आहे, पण एक अडचण सगळ्यांना येते: वाटीतला पाक अर्ध्या तासात वरून पापडी धरतो आणि मग चमच्यात साखरेचे खडे येतात. तो खडेवाला पाक दाण्यांवर पडला की काट्याऐवजी भुकटी होते.

कारण सोपं आहे. एकतारी पाकात साधारण ७५ टक्क्यांच्या वर साखर असते. एवढी साखर गरम पाण्यातच विरघळलेली राहते. ६० अंशांच्या खाली आलं की जादा साखर बाहेर पडायला बघते. त्याला बाहेर पडायला काहीतरी धरावं लागतं, चमच्यावरची वाळलेली साखर, वाटीच्या काठावरचा खडा. म्हणून:

पाक छोट्या स्टीलच्या वाटीत घ्या आणि ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. पाणी उकळतं नको, हात पोळेल इतपत पुरे. वाटीवर झाकण. पाकाचा चमचा दर वेळी त्या गरम पाण्यात बुडवून, पुसून मगच पाकात घाला. काठावर साखर जमली तर ओल्या कापडाने पुसून काढा. पाक घट्ट झाला तर १ चमचा गरम पाणी, एक उकळी.

थर्मामीटर असेल तर: एकतारीचा आकडा १०४-१०५ अंश सांगतात, पण तो समुद्रसपाटीचा. सोलापूर साधारण ४५० मीटर उंचीवर आहे, इथे साधं पाणीच दीड अंश आधी उकळतं. म्हणजे इथे १०३ ला उतरवला तरी तोच पाक. पहिल्या दिवशी मी तर १०१ लाच उतरवायला सांगेन. पातळ पाक दाण्याभोवती सगळीकडे पोहोचतो आणि पाया एकसारखा होतो. दुसऱ्या दिवसापासून १०३.

लिंबाचं: आंबटाने साखर फुटते आणि फुटलेली साखर हवेतली ओल ओढते. चिक्कीत, गुलाबजामच्या पाकात ते हवं असतं, कारण तिथे साखर गोठायला नको. हलव्यात साखर गोठायलाच हवी. दोन्ही पाकांचं काम उलट आहे.

काटा का येतो तेही समजून घ्या, म्हणजे हात आपोआप बरोबर चालेल. दाण्यावर कुठेतरी बारीक उंचवटा असतो. दाणा फिरताना तोच परातीला आणि शेजारच्या दाण्याला टेकतो, पाक आधी त्यालाच लागतो आणि गरम परातीवर तिथेच वाळतो. पुढच्या वेळी तो आणखी उंच. पाक कमी असेल तरच हे होतं. जास्त झाला की तो खळग्यांतही भरतो आणि दाणा गुळगुळीत होतो. तळव्याने चोळलं की उंचवटे झिजतात आणि पुन्हा गुळगुळीत. जपानमध्ये कोन्पेइतो नावाची अगदी आपल्या हलव्यासारखी काटेरी साखर करतात, तापलेल्या तिरक्या फिरत्या कढईत थोडाथोडा पाक सोडून. तिला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तिकडे नेलेल्या मिठाईतून ती आली. आपला तीन दिवसांचा हलवा त्या मानाने लवकर होतो.

जुळेसोलापूर_आई

दोघांचे खूप आभार. काल साबुदाण्याचा पहिला दिवस झाला. आवाजाची खूण फार उपयोगी पडली, खुळखुळ कळते. दाणे पांढरे, खडबडीत आहेत. तीन शंका:

१. परातीच्या तळाला पांढरी भुकटी जमते, सुमारे २ चमचे जमली. ठेवायची की काढायची?
२. २०-२५ जोडदाणे झालेत. सोडवताना एकाचं टरफल निघतं.
३. आज सकाळपासून ढग आहेत. काम करू का?

परात_शेगडी

भुकटी काढा, दर अर्ध्या तासाने. पुरणाच्या चाळणीतून दाणे हलकेच चाळा, परात कोरड्या फडक्याने पुसा. भुकटी राहिली तर पाक ती पिते, दाण्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि वर पिठासारखा मऊ थर चढतो जो नंतर पोपडा होऊन सुटतो. २ चमचे पहिल्या दिवशी ठीक आहे. चार-पाच चमचे निघाली असती तर पाक घट्ट होता असं म्हटलं असतं. टाकू नका, पुढच्या पाकात विरघळवा.

जोडदाणे ओले असताना बोटाने लगेच सुटतात, वाळल्यावर सोडवायला गेलं की टरफल जाणारच. आता ते वेगळे ठेवा. मुकुटात जोडदाणा पाकळीसारखा छान दिसतो, वाया जात नाही.

ढग असतील तर करू नका. दाणे फडक्याखाली तसेच राहू द्या, एक दिवसाने काही बिघडत नाही. करायचंच असेल तर दुपारी १२ ते ४, खिडक्या बंद, आणि त्याच खोलीत काही उकळत ठेवू नका. कुकरच्या वाफेनेही दाणे चिकट होतात.

आणि तारखा अशा धरा की भोगीच्या दोन दिवस आधी हलवा हातावेगळा होईल. भोगीलाच सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे गावात नंदीध्वजांची मिरवणूक, घरात बाजरीच्या भाकरी आणि भोगीची भाजी, त्यात परातीपुढे कोण बसणार!

सुईदोरा

दागिन्यांचं मी सांगते. आधी हिशोब, म्हणजे किती हलवा लागेल ते कळेल.

बाळाची मापं सुतळीने घ्या. ११ महिन्यांच्या बाळाचं डोकं साधारण ४५ सेंटीमीटर, कंबर तेवढीच, दंड १४-१५, मनगट ११-१२. साबुदाण्याचा तयार दाणा ६-७ मिलिमीटर होतो, म्हणजे १० सेंटीमीटरला १५ दाणे.

कंबरपट्टा तीन ओळींचा: सुमारे २००. हार दोन ओळींचा, पोटापर्यंत: १३०. मुकुट: १२०. दोन बाजूबंद दोन-दोन ओळींचे: ८५. दोन मनगट्या: ७०. एकूण ६०० च्या आसपास, वजनाला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम. तुटफूट धरून पाव किलो साबुदाण्याचा आणि १०० ग्रॅम तिळाचा हलवा तयार ठेवा. तुमच्या पाव वाटी साबुदाण्यात एवढं होऊन उरेल.

हलव्याला भोक पाडायला जाऊ नका. सुई गरम करून घातली तरी दाणा तडकतो. काटा आहे तो धरायलाच आहे: दोरा काट्यांच्या मधल्या खाचेत बसतो. पद्धत अशी. जाडसर सुती दोरा घ्या, पक्क्या रंगाचा, काळा किंवा पांढरा. रेशीम किंवा नायलॉन गुळगुळीत असतं, दाणा निसटतो. दोरा दुहेरी घेऊन टोकाला गाठ मारा. दोन पदर फाकवून मध्ये दाणा ठेवा, पदर दोन्ही बाजूंच्या खाचेत बसवा, दाण्याच्या पुढे दोन्ही पदरांची एक घट्ट गाठ. मग पुढचा दाणा. गाठ ओढताना दाणा अंगठ्याखाली धरा, हवेत ओढली की दोरा घसरतो. १० सेंटीमीटर झालं की सर उचलून हलकेच झटका, जो दाणा पडायचा तो आत्ताच पडू दे.

ही सर तशीच अंगावर घालायची नाही. काटे बाळाच्या मानेला टोचतात. प्रत्येक दागिन्याला अस्तर करा: बाहेरून काळं कापड, आतून जुनी मऊ मलमल, मध्ये मुकुटासाठी जाड पुठ्ठा, बाकी ठिकाणी काही नाही. चाटी गल्लीत काळं सुती कापड आणि जरीची पट्टी दोन्ही सहज मिळतं. कापड नवं असेल तर आधी धुऊन घ्या. काळा रंग सुटला तर हलवा राखाडी होतो आणि बाळाच्या घामानेही डाग पडतात.

सर कापडावर ठेवून दर दोन दाण्यांमधल्या गाठीवर एक टाका. दाण्यावरून टाका घालायचा नाही. कडेने जरीची पट्टी, दोन ओळींच्या मधल्या जागेत तिळाचा हलवा.

बारीक हलवा चिकटवायला पिठीसाखरेचं मलम करा: ४ चमचे पिठीसाखर मलमलमधून चाळून, पाणी थेंबाथेंबाने, अर्धा चमचाही पुरा लागत नाही. टूथपेस्टएवढं घट्ट हवं. पातळ झालं की हलवा विरघळतो आणि पांढरं ओघळ कापडावर दिसतं. काडीने ठिपका, त्यावर चिमटीने हलवा, आणि रात्रभर आडवं ठेवून वाळू द्या. हे पुठ्ठ्यावर पक्कं बसतं. वाकणाऱ्या कापडावर तडकून सुटतं. म्हणून बारीक काम मुकुटावर आणि बासरीवर करा, कंबरपट्ट्यावर फक्त टाके.

मुकुटाचा पुठ्ठा ४५ लांब कापा, मागे पुठ्ठ्याचं जोड नको, दोन्ही टोकांना कापडी बंद लावा. पुढे मध्यभागी ९ सेंटीमीटर उंची, कानापाशी ३. मधल्या उंच भागावर मोरपिसाचा आकार पेन्सिलने काढून घ्या, बाहेरची कड साबुदाण्याच्या हलव्याची, आतला डोळा केशरी तिळाच्या हलव्याचा. जोडदाणे पाकळीसाठी इथेच वापरा. बासरीला कागदाची नळी, २० सेंटीमीटर लांब, वरून काळी पट्टी, आणि दर ३ सेंटीमीटरवर हलव्याचं एक कडं.

पूर्व_भाग

केशरी हलव्याचा विषय निघाला म्हणून रंगाचं सांगतो. रंग पहिल्या दिवसापासून घालू नका. आत रंग, बाहेर रंग, कशाला? शेवटच्या दिवशी, काटा उभा राहिल्यावर, चार-पाच वेळच्या पाकातच रंग घाला. काट्याची टोकं रंगतात आणि खाली पांढरं डोकावतं, फार सुंदर दिसतं. केशर असेल तर १०-१२ काड्या १ चमचा गरम पाकातच चुरून घ्या, पाण्यात किंवा दुधात नको. बाटलीतला पातळ रंग घातला की पाक पातळ होतो आणि त्या एका चमच्यात तीन दिवसांचा काटा बसतो. हे फार वेळा होतं. पुडीचा खाण्याचा रंग असेल तर सुईच्या टोकावर येईल एवढाच.

तिळाचा १०० ग्रॅममधला ३०-४० ग्रॅमच रंगवा, पुरे होतो.

कुंभारवेस

सगळं छान चाललंय, पण बाळ ११ महिन्यांचं आहे म्हणून काही गोष्टी आवर्जून.

हलव्याचा दाणा कडक, गोल आणि घशात अडकेल एवढाच असतो. बाळ हातातलं सगळं तोंडात घालतं. म्हणून मनगट्या आणि बासरी या दोन गोष्टींचं टाकेकाम दुप्पट पक्कं करा, किंवा मनगट्यांना हलवा लावूच नका, जरीच्या पट्टीवर नक्षी पुरे. दागिने औक्षण आणि फोटोपुरते, दहा-पंधरा मिनिटं, आणि तेवढा वेळ एक मोठं माणूस फक्त बाळाच्या हातांकडे बघत बसलेलं. हाराला मागे गाठ नको. वेलक्रोचा लहान तुकडा लावा, बाळाने ओढला तर सुटला पाहिजे. टाचणी, तार, सेफ्टी पिन काही नको.

सुईदोरा ताई, दोऱ्याच्या गाठींना चिकट हवंच असेल तर बरेच जण फेव्हिकॉल लावतात. मग ते दागिने खायचे नाहीत, वाटायचेही नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीच्या दागिन्यांना चालून जाईल, बाळाच्या दागिन्यांना नको असं माझं मत.

डोक्यावरून ओतायच्या मिश्रणात चुरमुरे जास्त घ्या, मापाने चार भाग. त्यात एक भाग लहान मऊ बोरं, एक भाग हरभऱ्याचे सोललेले घाटे. उसाचे करवे, शेंगा, गोळ्या आणि रेवड्या ताटात शेजारी ठेवा, जमलेली मोठी मुलं वेचतील. उसाचा करवा डोक्यावर पडला की बाळ दचकून रडतं आणि पुढचं सगळं अवघड होतं. खाली जाड सोलापुरी चादर अंथरा, बोरं घरंगळत नाहीत आणि नंतर चारी टोकं धरून सगळं एकदम उचलता येतं.

सुईदोरा

फेव्हिकॉलबद्दल तुमचं पटलं. गाठींना खरं तर काही लागतच नाही, दोरा सुती असला की पुरे. मनगट्यांचंही ताईंनी तुमचंच ऐकावं, ७० दाणे वाचतील.

जुळेसोलापूर_आई

तिसरा दिवस आज झाला. काटा आला! साबुदाण्याच्या प्रत्येक दाण्यावर बोटाला टोचेल असा. एक दिवस ढगांमुळे थांबले, त्याने काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी पाकाची वाटी गरम पाण्यात ठेवली आणि भुकटी एकदम कमी झाली, दोन तासांत जेमतेम १ चमचा.

तिळाचा उद्यापासून. त्याआधी दोन प्रश्न. तयार हलवा कशात ठेवू? आणि दागिने किती दिवस आधी करून ठेवले तर चालतील?

परात_शेगडी

किती बरं वाटलं वाचून!

हलवा आज डब्यात नको. अजून एक रात्र आणि दिवस परातीत उघडा, मग काचेच्या बरणीत. बरणी उन्हात तापवून कोरडी केलेली. तळाला टिपकागदाची घडी, अर्धीच भरा, दाबून भरली की खालचे काटे मोडतात. फ्रिजमध्ये मुळीच नाही. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं आणि एका तासात चिकट होतो.

तिळाला सुरुवातीचा पाक आणखी जपून घाला. तीळ हलके असतात, पाव चमच्यातही गोळा धरतात. पहिले दहा वेळा चमच्याऐवजी बोटं पाकात बुडवून तिळावर शिंपडा, जसं भाकरीच्या पिठावर पाणी शिंपडतो तसं. एकदा सगळे तीळ पांढरे झाले की मग चमचा घ्या. तिळाचा काटा साबुदाण्यापेक्षा बारीक आणि दाट येतो, त्यामुळे दिसायला उशीर लागला तर घाबरू नका.

सुईदोरा

दागिने चार दिवस आधी करून ठेवलेले उत्तम. त्याआधी केले तर धूळ बसते, काट्यांतली धूळ झटकता येत नाही आणि पुसताही येत नाही. पुठ्ठ्याच्या पसरट खोक्यात, साडीच्या खोक्यात छान बसतात, एकावर एक न ठेवता. मध्ये पातळ कागद. मुकुट उभा ठेवायचा असेल तर आत वर्तमानपत्राचा बोळा भरा, नाहीतर मधला उंच भाग पुढे झुकतो आणि मलम तडकतं.

बाळाला घालण्याआधी प्रत्येक दागिना पांढऱ्या कापडावर धरून उलटा करा आणि बोटाने तीनदा टिचकी मारा. जेवढे दाणे पडतील त्या जागा लगेच टाक्याने भरा, मलमाने नको, वाळायला वेळ नसतो. म्हणून सुई ओवलेला काळा दोरा आणि मूठभर हलवा खोक्यातच ठेवून द्या.